गेरूचा हात

पोळ्याच्या सकाळी आजी घमेल्यात गेरू कालवायची. भाकरीच्या पिठाला घालावं तसं हाताने थोडं थोडं पाणी घालत. गेरू पातळ झाला तर बैलाच्या अंगावरून ओघळतो, घट्ट राहिला तर वाळल्यावर पापुद्रा धरून गळून पडतो. तिच्या बोटांना ते बरोबर कळायचं. आदल्या संध्याकाळी खांदेमळणी झालेली असायची, "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या" असं बैलांच्या कानाशी सांगून झालेलं असायचं. सिन्नर तालुक्यातलं आमचं गाव, दोनच बैल, त्यातला पाखऱ्या माझा लाडका. चुलते शिंगं रंगवायचे, वाटी उलटी धरून तिच्या काठाने अंगावर गोल गोल ठसे उठवायचे. सगळं झालं की आजी पुढे यायची. उजवा हात मनगटापर्यंत गेरूत बुडवून वशिंडाच्या मागे, पाठीवर पंजा ठेवायची.

'ठेवायची' हा शब्द मी जपून वापरतेय. ती ठसा उमटवून हात झटकन उचलत नसे. हात तिथेच राहायचा. गार, ओल्या स्पर्शाने पाखऱ्याची कातडी थरथरायची, माशी बसल्यावर थरथरते तशी. थरथर थांबेपर्यंत ती हात काढायची नाही. मी पाच-सहा वर्षांची असताना तिने मला कडेवर घेऊन माझा हात असाच तिथे ठेवला होता. जनावराच्या अंगातली ऊब गेरूतून तळहाताला लागते, ती मला अजून आठवते. ठसा कसा दिसत होता, ते मात्र काही केल्या आठवत नाही.

हे सगळं मागच्या पावसाळ्यात कामाच्या टेबलावर बसल्या बसल्या वर आलं. मी नाशकात एका फ्लेक्सच्या दुकानात डिझाइनचं काम करते. लग्नात घोडा पुरवणाऱ्या एकाला बॅनर हवा होता, म्हणून घोड्याची चित्रं शोधत होते. पांढरे, सजवलेले, मागच्या पायांवर उभे राहिलेले घोडे येत होते, आणि त्यांच्यामध्येच एकदम ते दोन घोडे आले. पाठीला पाठ लावून उभे, अंगभर काळे ठिपके आणि भोवती माणसांचे हात. मी माउस सोडला. मला तो पोळाच वाटला.

ते फ्रान्सच्या दक्षिणेतल्या पेश मेर्ल गुहेतले घोडे. वय सुमारे 25,000 वर्षं. त्यानंतर कितीतरी रात्री मी याच्याच मागे होते. वाचत गेले तसं कळलं की या घोड्यांवरून अभ्यासकांत बराच वाद झालाय. ठिपक्यांचे घोडे त्या काळी होते का, की ठिपके नुसते मनातले, कसली तरी खूण म्हणून काढलेले? 2011 साली जुन्या घोड्यांच्या हाडांतल्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्या काळच्या काही घोड्यांत ठिपक्यांचं जनुक सापडलं. म्हणजे चित्रकाराने पाहिलं तेच काढलं, प्रश्न मिटला, असं बऱ्याच जणांना वाटलं. पण चित्र नीट बघा. ठिपके घोड्याच्या रेषेत थांबतच नाहीत. पोटाखाली, पाठीच्या वर, बाहेरच्या मोकळ्या दगडावरही आहेत. पोळ्याला वाटीने ठसे उठवताना चुलत्यांच्या हाताला वेग यायचा आणि दोन-चार ठसे गोठ्याच्या खांबावर, भिंतीवर, आम्हा पोरांच्या पाठीवरही पडायचे. बैल आधीच कबरा असला तरी त्याला ठसे चुकत नसत. ठिपका घोड्याचा की माणसाचा, हा वाद बैल न रंगवलेल्या माणसांनी घातलेला आहे, असं मला मनापासून वाटतं.

मिशेल लोर्ब्लांशे नावाच्या फ्रेंच अभ्यासकाने हे घोडे स्वतः पुन्हा काढून पाहिले. कोळसा तोंडात चघळायचा आणि दगडावर फुंकायचा, हाताची आड धरून. ही रीत त्यांनी ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींकडून शिकून घेतली होती. पूर्ण चित्राला त्यांना 32 तास लागले. तोंडात कोळसा, थुंकी, श्वास, आणि 32 तास भिंतीपासून वीतभर अंतरावर चेहरा! हे वाचल्यावर 'चित्र काढणं' हा शब्द मला अपुरा वाटायला लागला. रंग त्या माणसाच्या पोटातून दगडावर जात होता.

या चित्रांचा हेतू काय, हे शंभराहून जास्त वर्षं विचारलं जातंय. आन्री ब्रय या फ्रेंच पाद्रीबुवांनी शिकारीच्या जादूची कल्पना उचलून धरली. जनावर भिंतीवर काढलं की ते रानात हाती लागतं, असा तो तर्क, आणि शाळेच्या पुस्तकातून आपल्यापर्यंतही तोच आला. पण फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत जी हाडं मिळाली त्यांत बहुतेक रेनडिअरची आहेत, आणि तिथल्या शेकडो जनावरांत रेनडिअरचं चित्र फक्त एक. खात होते एक, काढत होते दुसरं. आपणही पोटाला बाजरी खातो आणि दारात कमळ काढतो, त्यामुळे मला यात नवल वाटत नाही. मग लरवा-गुराँ या फ्रेंच अभ्यासकाने जनावरांच्या जोड्या लावून त्यात स्त्री-पुरुष तत्त्वाची मांडणी पाहिली. ती मला फार नीटनेटकी वाटते, म्हणून तिच्यापाशी रेंगाळत नाही.

डेव्हिड लुईस-विल्यम्स आणि झां क्लॉत या दोन अभ्यासकांचं म्हणणं मात्र माझ्या मनातून जात नाही. त्यांच्या मते गुहेची भिंत त्या माणसांसाठी भिंत नव्हतीच, तो एक पातळ पडदा होता. पलीकडे दुसरं जग, जनावरं तिथून येतात. भिंतीवर हात ठेवून त्यावर रंग फुंकला की हातावरही तोच रंग आणि दगडावरही तोच. हात दिसेनासा होतो. तो दगडात शिरलेला असतो. हात काढल्यावर मागे जी मोकळी जागा राहते ती आपण 'चित्र' म्हणून बघतो. पण त्या माणसासाठी मोलाचा क्षण त्याच्या आधीचा होता, हात आत असतानाचा.

अंगात येणं, भगताने घुमणं वगैरे त्यांचा बाकीचा सिद्धांत पटो न पटो, हा एक मुद्दा मी आजीच्या हातावरून पडताळून पाहू शकते. हाताचा ठसा म्हणजे 'मी इथे होतो' अशी सही, असं सगळीकडे लिहितात. आजीला सही करता येत नव्हती, ती अंगठा द्यायची. निळ्या शाईचा अंगठा ती कागदावर दाबायची तेव्हा तिचा चेहरा वेगळा असायचा, सोसायटीच्या कर्जाचा असायचा. पाखऱ्याच्या पाठीवर हात ठेवताना तो चेहरा नसायचा. तो हात तिच्याविषयी काही सांगत नव्हता. वर्षभर ओढलंस, तुझ्या खांद्याला जू घासलं, हे त्या जनावराला पोचवायचं होतं आणि त्याला शब्द कळत नाहीत. ठसा हा त्या पोचवण्यातला उरलेला भाग. संध्याकाळी मिरवणुकीत पाऊस आला की तो धुऊन जायचा, आणि त्याचं कुणालाच वाईट वाटत नसे.

असंच बघायला लागलं की गुहांमधल्या बऱ्याच गोष्टी ओळखीच्या वाटतात. पेश मेर्लच्या उजव्या घोड्याचं तोंड खडकाच्या कडेतच आहे. दगडाचा आकार आधी, घोडा नंतर. स्पेनमधल्या आल्तामिरात छताच्या फुगवट्यांवर गवे बसवलेत, एकेका टेंगळाला एकेक गवा. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात असे आकार डोळ्याआधी हाताला सापडतात. कुणीतरी दगड चाचपला असणार, इथे पाठ आहे, इथे पोट आहे असं जाणवलं असणार, आणि मग रंग. रुफिन्याक गुहेत मऊ छतावर बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत, त्यांतल्या काही लहान मुलांच्या. रेघा मोठ्यांच्याही हाताला सहज न येणाऱ्या उंचीवर आहेत, म्हणजे कुणीतरी मुलाला उचलून धरलं होतं, असं अभ्यासक सांगतात. ते वाचलं तेव्हा मला माझी कंबर आठवली, आजीच्या हाताने धरलेली. आणि डीन स्नो यांनी 2013 साली फ्रान्स-स्पेनमधल्या 32 हातांची मापं घेऊन त्यातले 24 बायकांचे असावेत असं मांडलं. त्यावर वाद आहेत, असू देत. भाला घेतलेला दाढीवाला बाप्याच तेवढा चित्रकार, हे चित्र माझ्या डोक्यातून त्या दिवशी गेलं ते गेलं.

आपल्याकडेही हे सगळं आहे, फक्त नाशिकजवळ नाही. आपला दगड काळा बेसॉल्ट, त्यात आपसूक गुहा फारशा होत नाहीत, म्हणून आपल्या पूर्वजांनी छिन्नी-हातोड्याने लेणी खोदली. चित्रांच्या गुहांसाठी भोपाळजवळ भीमबेटकाला जायला हवं. विष्णु श्रीधर वाकणकरांना 1957 साली रेल्वेतून जाताना ते खडक दिसले. तिथे एकाच भिंतीवर थरावर थर आहेत, एका जनावराच्या पोटातून दुसऱ्याचे पाय गेलेले. शेजारी मोकळी भिंत असताना जुन्यावरच नवं का? फ्लेक्सच्या दुकानात असं केलं तर गिऱ्हाईक पैसे देणार नाही. पण देव्हाऱ्यातल्या टाकावर आपण रोज नवं गंध लावतो, कालच्याच जागी. जागा तीच लागते.

आपल्या बाजूची एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगण्यासारखी आहे. चाळीसगावजवळ पाटणे इथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचा एक तुकडा मिळाला. त्यावर एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा कोरलेल्या आहेत, सुमारे 25,000 वर्षांपूर्वीच्या. म्हणजे पेश मेर्लचे घोडे रंगत होते त्याच सुमाराला आपल्या खानदेशात शहामृगं फिरत होती आणि कुणीतरी तळहातावर मावेल एवढ्या कवचावर टोकदार दगडाने रेघा ओढत बसलं होतं. चित्र बघायचं म्हणजे ते हातात घ्यायचं.

श्रावणात एका रविवारी मी पांडवलेणीला गेले. पायथ्यापासून घर जवळ, पण वर जाऊन वर्षं झाली होती. दहाव्या लेण्यात उषवदाताचे शिलालेख आहेत. हा नहपान क्षत्रपाचा जावई. दगडात कोरून ठेवलंय की त्याने तीन लाख गाई दान दिल्या. मी त्या अक्षरांसमोर बराच वेळ उभी होते. ब्राह्मी मला वाचता येत नाही, पण अक्षरांचा वळणदारपणा दिसतो. माझे अण्णा पेंटर होते, दुकानांच्या पाट्या रंगवायचे, त्यामुळे हात कळतो. कोरणाऱ्याचा हात फार चांगला होता. पण तीन लाख गाईंमधली एकही गाय तिथे दिसत नाही. नाव आहे, बापाचं नाव आहे, सासऱ्याचं नाव आहे, आकडा आहे. अक्षर आलं आणि भिंत वाचायची झाली. पुढे दोन हजार वर्षं टिकेल असं काही सांगायचं असेल तर अक्षराला पर्याय नाही, हे मला मान्य आहे. तरी आपल्याकडे सही करायची, नाव घालायची, दाता कोण ते लिहायची सवय कुठून सुरू झाली असेल तर ती अशाच भिंतींवरून. आज माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक बॅनरवर खाली 'शुभेच्छुक' असतात.

खाली उतरताना फाळके स्मारक दिसतं. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरला 1870 साली जन्मले आणि नाशकातच 1944 साली गेले. त्यांचं स्मारक नेमकं लेण्यांच्या पायथ्याशी यावं हा योगायोग मला त्या दिवशी फार आवडला. फ्रान्सच्या शोवे गुहेत आठ पायांचा एक गवा आहे. अभ्यासक म्हणतात, तो पळतोय. चरबीच्या दिव्याची ज्योत हलली की पायांची एक जोडी उजळते, दुसरी अंधारते. अंधार, हलता उजेड, खांद्याला खांदा लावून बसलेली माणसं आणि भिंतीवर पळणारं जनावर. फाळक्यांनी भांडवल उभं करण्यासाठी आधी काय दाखवलं, तर कुंडीतल्या वाटाण्याचं रोप उगवून वाढताना. तेही भिंतीवर जिवंत होणारं काहीतरीच. गुहेच्या सगळ्यात जवळचं आजचं काही असेल तर ते थेटर, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त एका बाबतीत ते उलटं आहे. पडद्यावरच्या उजेडात हात घातला तर तो उजेड आपल्याच हातावर पडतो आणि चित्र तेवढं नाहीसं होतं.

लास्कोची गुहा 1963 साली लोकांसाठी बंद करावी लागली. बघायला येणाऱ्यांच्या श्वासानेच चित्रं खराब व्हायला लागली, भिंतीवर शेवाळ धरलं. आता शेजारी तिची हुबेहूब प्रतिकृती बघायची. तोंडाने फुंकून रंग लावण्याच्या काळापासून श्वास सोडायचा नाही इथपर्यंत! जपायलाच हवं, दुसरा इलाज नाही. पण चित्राचं आणि आपलं नातं 'कृपया हात लावू नये' या पाटीपर्यंत आलंय, याचं मला दुःख होतं. अण्णांनी अशा पाट्या कितीतरी रंगवल्या.

हे नातं तुटलं कुठे, ते पाहायला फार लांब जावं लागत नाही. वारली लग्नात चौक काढतात. घराच्या कुडाला गेरू किंवा शेण सारवून त्यावर तांदळाच्या पिठाने सवाशिणी तो काढतात, मध्ये पालघाट देवी, आणि लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणते. चौकाशिवाय लग्न लागत नाही. तो दारावर लावायची शोभा नव्हे, लग्नाचं एक अंग आहे, मंगळसूत्रासारखं. लग्न झालं, काम झालं, मग पोपडे निघाले तरी चालतं. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडे गेले, कागद आणि रंग दिले, आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी त्या कागदावर जाळी टाकणारे कोळी, मुंग्यांची वारुळं, पिकांत वाकलेली माणसं असं काढलं की जग बघत राहिलं. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. बायकांचं भिंतीवरचं काम पुरुषांच्या कागदावर गेलं, हे खरं. पण कागदावर गेल्याने ते बिघडलं असं मी म्हणणार नाही. मश्यांच्या रेषेत पिठाचा ओलेपणा शेवटपर्यंत होता. मला खटकतं ते पुढचं. आता वारलीची माणसं माझ्या कॉम्प्युटरमध्ये एका फोल्डरात पडून आहेत. रिसॉर्टच्या मेनूकार्डाला तारपावाला उचलायचा, मोठा करायचा, चिकटवायचा. तारपा कुणासाठी वाजतोय, ते फोल्डरात येत नाही.

मग माझं काम म्हणजे नुसती चिकटवाचिकटवी का, हा प्रश्न मला पडलाच. त्याचं उत्तर मिळालं ते दुकानातच. भावपूर्ण श्रद्धांजलीचा बॅनर न्यायला एक माणूस आला होता, पन्नाशीचा, पावसाने भिजलेला. वडील गेले होते. फोटो मोबाइलवरचा, फार फुटलेला. मी रात्री बसून कपाळाच्या रेषा, मिशी, टोपीची घडी सारखी केली होती. मशीनवरून नुकताच निघालेला फ्लेक्स मी जमिनीवर पसरला. चार बाय सहा फुटांवर म्हाताऱ्याचा चेहरा केवढा तरी मोठा झाला होता. माणूस उकिडवा बसला आणि त्याने वडिलांच्या गालावर तळहात ठेवला. मी "शाई ओली आहे" म्हणणार होते, शब्द तोंडातच राहिले. शाई त्याच्या बोटांना लागली, फ्लेक्सवर गालापाशी जरा पुसटलं. मी दुसरा प्रिंट काढून देते म्हणाले. तो नको म्हणाला. तसाच गुंडाळून घेऊन गेला.

यंदा पोळ्याला गावी गेले. आजीला जाऊन अकरा वर्षं झाली, पाखऱ्याला त्याहून जास्त. चुलत्यांकडे आता ट्रॅक्टर आहे. त्याला धुऊन, झेंडूच्या माळा घालून, पाटावर मातीचे दोन बैल मांडून पूजा केली. पुरणपोळीचा घास मातीच्या बैलांपुढे ठेवला. चुलतभावाची मुलगी सहा वर्षांची. तिला मी आजीची रीत सांगितली होती, म्हणून तिने हट्टाने घमेल्यात गेरू कालवायला लावला. मला आजीसारखा जमला नाही, पातळ झाला. तिला कडेवर घेतलं, तिने हात बुडवला आणि बॉनेटवर ठेवला. ऑइलने पुसलेल्या पत्र्यावर गेरू धरेना, बोटांच्या खालून ओघळायला लागला. मी हात काढून घ्यायला सांगितलं.

"थांब ना," ती म्हणाली, "गरम आहे."

सकाळीच चुलत्यांनी गाडी सुरू करून पाहिली होती. तिने हात तसाच ठेवला.